अठरा नंबरचा कॅमेरा

बाबांनी शेवटचा हात मला केला. आई सगळ्यांना सांगते, तिला. आणि त्या हात करण्यापायीच उद्या तिची चौकशी आहे. नोकरी जाईल बहुतेक.

नीट सांगते. शहराला वेढा घालून जाणाऱ्या रिंगरोडवर आमचं अख्खं घर चालायचं. आई कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोर बसून त्याच्यावर नजर ठेवायची, बाबा बंद पडलेल्या गाड्या क्रेनने ओढून न्यायचे. आईला ते ‘वरच्या बाई’ म्हणायचे आणि येताजाता कॅमेऱ्याकडे बघून हात करायचे. आई जाम चिडायची. मला म्हणायचे ‘भोंगा’. रिंगरोडवरचे कॅमेरे मोबाईलवर कुणालाही दिसतात, ट्रॅफिक कळावं म्हणून.

त्या दिवशी वक्तृत्वात मी पहिली आले. मी! सहावीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी! शाळा सुटल्या सुटल्या फाटकातूनच बाबांना फोन लावला.

“भोंगा वाजला म्हणायचा!” ते ओरडले. “आत्ता एक ट्रक उचलतोय, अठरा नंबरच्या कॅमेऱ्याखाली. लाव बघू.”

लावला. पिवळं जाकीट, हातात साखळी. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची नाही, हा त्यांच्या कामातला पहिला नियम. बाबा वळले, मान वर केली आणि दोन्ही हात हलवले. मी फाटकात उड्या मारत होते.

मग पडदा निळा झाला.

अपघात वाईट असला की लोकांना दिसू नये म्हणून कंट्रोल रूममधून चित्र झाकतात. तेव्हा ड्यूटीवर आई होती. तिने चित्र झाकलं, लेन बंद केली, ॲम्ब्युलन्स पाठवली आणि मगच खुर्चीतून उठली.

आता आईच्या साहेबांचं म्हणणं, बाईंनी नवऱ्याला कामात असली सवय लावलीच कशी?

आज संध्याकाळी आई युनिफॉर्मला इस्त्री करत होती. तीन आठवडे दाबून ठेवलेलं मी एका दमात बोलून टाकलं.

“आई, तो हात मला होता. मीच फोन केला होता.”

इस्त्री थांबली नाही. “माहितेय.”

“काय?”

“ह्यांचा मोबाईल परत मिळाला ना, त्यात शेवटचा फोन तुझा होता.”

“मग तू सगळ्यांना का—”

“उद्याही तेच सांगणार. तू गुपचूप शाळेत जायचंस.”

“नोकरी गेली तर?”

“जाऊ दे. दुसरी बघेन.”

“मी येणार. मी सांगणार त्यांना.”

“इथे भाषण नकोय!” तिचा आवाज फाटला. मग हळू म्हणाली, “पंधरा वर्षांची आहेस गं तू. लोक काय काय बोलतील, ठाऊक आहे?”

“बोलू देत.”

खुंटीवरचा माझा शाळेचा शर्ट काढून मी तिच्यासमोर टाकला. “यालाही कर.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. इस्त्रीवरचा लाल दिवा विझला, पुन्हा लागला. मग तिने शर्ट जवळ ओढला आणि बाही सरळ करायला घेतली.