मला डोक्याखालून काढलं तेव्हा

मी मोहरीची उशी बोलतेय. वजन जेमतेम अर्धा किलो, पण तोरा केवढा होता म्हणून सांगू!

महेश्वरी पहिल्या बाळंतपणाला ताडकळसला माहेरी यायच्या आधीच तिच्या आईनं, नागुबाईंनी, मोहरी पाखडून उन्हात तापवली आणि जुन्या लाल लुगड्याच्या तुकड्यात भरून मला शिवलं. मोहरीच्या उशीनं बाळाचं डोकं गोल होतं, असं त्या अख्ख्या आळीला सांगत. मलाही ते खरंच वाटे.

बसू जन्मला. माझ्या खळग्यात त्याचं डोकं अलगद बसायचं. दार डावीकडे, आईही डावीकडे, म्हणून तोंड कायम तिकडंच. "लेकरू लय गुणी हाय, हालत न्हाई," नागुबाई कौतुकानं म्हणत. हलणार कसं? मीच त्याला धरून ठेवलं होतं.

दोन महिन्यांनी न्हाऊ घालताना महेश्वरीचा हात थबकला. डोक्याची डावी मागची बाजू चपटी लागत होती. मान उजवीकडे वळवली की बसू किंचाळायचा. नागुबाईंनी काय करावं? माझ्यात आणखी मोहरी भरली! महेश्वरीनं मात्र दुसऱ्याच दिवशी बसूला आणि नागुबाईंना घेऊन परभणी गाठली. पिशवीत मीही होतेच; तपासायच्या टेबलावरही बसूच्या डोक्याखाली मलाच ठेवलं.

डॉक्टरांनी तपासून लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्ट निकिताताईंकडे पाठवलं. त्यांनी हलक्या हातानं मान पाहिली. "मानेचा स्नायू आखडलाय. कवटी अजून मऊ आहे, वेळेत आलात. आधी ही उशी काढा. बाळाला सपाट अंथरुणावर, उताणंच झोपवा. जागं असताना तुमच्या डोळ्यांसमोर पालथं घाला."

नागुबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे म्याच लेकराचं वाटुळं केलं का?"

"नाही आजी. आता तुमचीच मदत लागणार आहे." निकिताताईंनी मला उचलून बसूच्या उजव्या बाजूला खुळखुळ्यासारखं हलवलं. आतली मोहरी सळसळली. बसूची नजर तिकडं गेली, मागोमाग मानही बोटभर वळली. लाजेनं मेलेली मी तिथंच पुन्हा जिवंत झाले.

मग घरी रोज मानेचे व्यायाम. पालथं घातलं की बसू भोकाड पसरायचा. शेवटी नागुबाई स्वतःच त्याच्यासमोर पालथ्या पडल्या, गुडघे कुरकुरत असताना! "बसू, हिकडं बग की रं!" म्हणत मला हलवत राहिल्या. तो झोपला की मी खुंटीवर.

आज बसू आठ महिन्यांचा आहे. डोकं बरंच भरून आलंय. बोटांनी चाचपलं तर थोडा सपाटपणा लागतो. सकाळी शेजारच्या दगडाबाई सुनेच्या बाळासाठी मला मागायला आल्या.

"उशी न्हाई दित," नागुबाई म्हणाल्या. "निकिताताईचा पत्ता दिते. अन् हे बगा." त्यांनी मला हलवलं. अंगणात पाठमोरा बसलेला बसू उजव्या खांद्यावरून सहज मागे वळला आणि खुदकन हसला.

निकिताताई, तुमचे उपकार कसे फेडू? आणि आयांनो, बाळाच्या डोक्याखाली मला ठेवू नका. मला बसूचं हे वळून बघणं पुरे आहे.