मले ने

विजयकुमारने रेडिओच्या विणलेल्या झाकणाखालून क्लबातल्या गाण्याच्या कार्यक्रमाचे दोन्ही पास काढून शर्टाच्या खिशात टाकले, तेव्हा कांता निखाऱ्यांची इस्त्री आपल्या साडीवरून फिरवत होती. साडी निळी होती, लग्नातली. खास त्या संध्याकाळसाठी ती पेटीच्या तळातून निघाली होती.

साहेबांचा साळा अमरावतीहून आला आहे, असे तो आरशासमोर भांग पाडत म्हणाला. साहेब म्हणजे पोलाद कारखान्यातल्या त्याच्या स्टोअर सेक्शनचे पंजाबराव. त्यांच्याकडचे पास घरच्यांतच संपले, पाहुणा बिचारा क्वार्टरमध्ये बसून कंटाळला होता, तेव्हा आपणच म्हटले, आमच्याकडचा एक घ्या. 'आपणच म्हटले' हे तो अशा थाटात सांगत होता, जणू बायकोने ओवाळायला हवे.

"अन् मी?" कांताने विचारले.

"तू काय करशीन तिथं? सारे इंग्रजी गाणे आहेत. तुले इंग्रजी कुठी समजते?"

इस्त्री हातातल्या हातात थांबली. कापड करपल्याचा वास आला तेव्हा कुठे तिने ती उचलली. पदरावर बदामी डाग उमटला होता. विजयकुमारने डाग पाहिला, च् च् केले आणि सायकल काढून क्लबकडे निघून गेला.

कांता तिथेच उभी राहिली. असा संताप तिला पूर्वी कधी आला नव्हता. भांडी आपटावीत तर ती आपलीच, घासायचीही आपल्यालाच. पास त्याच्या नावाचे होते हे खरे. पण 'द होम सिग्नल्स' हा बँड क्लबात येणार, ही बातमी त्याला कोणी सांगितली होती? तिनेच. नाहीतर सिग्नल म्हटल्यावर त्याला फाटकाखेरीज काही आठवले नसते.

खडगपूरच्या रेल्वे कॉलनीतली ती चार पोरे होती, अँग्लो-इंडियन. गिटारा वाजवायची, इंग्रजी गायची. कांता दुर्गच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली, गार्ड जानरावांची मुलगी. होम सिग्नल पडला की गाडी स्टेशनात घ्यायची, हे तिला बाराखडीच्या आधी ठाऊक होते. लग्नाआधीच्या वर्षी रेडिओ सिलोनवर त्यांचे एक गाणे लागायचे आणि ती हातातले काम टाकून रेडिओजवळ जायची. कडवी तिला कळत नसत. पण ध्रुवपद तर मराठी होते. तेही पुण्याचे नव्हे, घरातले. मले ने, मले ने, असे तो गाणारा पोरगा गळा ताणून म्हणायचा. शाळेत मास्तरणीने 'मला' म्हणायला लावले होते, रेडिओवर सगळ्या बायका 'मला' म्हणत. आणि हा एक पोरगा साऱ्या जगासमोर बिनधास्त 'मले' म्हणत होता. बाबांनी त्याचा उलगडाही केला होता. रेल्वेवाल्यांच्या बदल्या होतात, पोरगा नागपूरला मोतीबागेच्या रेल्वे वस्तीत वाढला असेल, तिथे उचलले असेल.

लग्न होऊन भिलाईला आल्यावर तेच ती नवऱ्याला म्हणत आली. सिनेमाला मले ने. दुर्गला बाबांकडे मले ने. तो 'पाहू' म्हणायचा आणि बातम्या ऐकायला रेडिओचा काटा फिरवायचा.

तिने तीच साडी नेसली. डाग पदराच्या घडीत लपला असता, पण तिने पदर नेहमीसारखाच घेतला. दाराला कुलूप घातले आणि सेक्टर दहातून क्लबच्या रस्त्याला लागली. वाटेत शेजारच्या ठकूबाईने विचारले, एकटीच कुठी चालली? कांता म्हणाली, प्रोग्रामले. ठकूबाईला पुढे विचारायचा धीर झाला नाही.

क्लबच्या हिरवळीवर मांडव घातला होता. फाटकावर पास पाहत होते, म्हणून कांता मेंदीच्या कुंपणाकडे वळली. तिथे जीपांचे ड्रायव्हर आणि साहेबांची लेकरे सांभाळणाऱ्या आया उभ्या होत्या. कुंपणावरून सारे दिसत होते. दुसऱ्या रांगेत विजयकुमार दिसत होता, त्याच्या एका बाजूला साहेब आणि दुसऱ्या बाजूला तिच्या खुर्चीवर साळा.

आधी भाषण झाले. मग हार झाले, आणि ज्यांना हार घातले त्यांचीही भाषणे झाली. देशात पोलाद किती लागते हे चार गिटारवाल्यांना सांगून काय मिळणार होते कोण जाणे. पोरे घामाघूम होऊन उभी होती. गाणारा तिच्या मनातल्यापेक्षा बुटका निघाला, आणि कपाळावरचे केस मागे हटलेला. कांताला त्याचाही राग आला. मग त्याने पहिली तार छेडली आणि राग कुठल्या कुठे गेला. रेडिओत जो आवाज तळहातावर मावायचा, तो आता छातीवर येऊन आदळत होता. तिला हसू फुटले. शेजारच्या आयेच्या कडेवरचे पोर तिच्याकडे पाहून हसले, तरी तिला भान नव्हते.

पुढच्या रांगांत मात्र पान-सुपारी फिरत होती. सिनेमातले काही वाजवा, असे कोणी ओरडले. तिच्या खुर्चीवरचा साळा झोपला होता. साधा झोपला नव्हता, मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून झोपला होता. कुंपणाची फांदी कांताच्या मुठीत कधी आली आणि कधी मोडली, तिला कळले नाही.

इतक्यात साहेबांनी मान वळवून काही सांगितले आणि विजयकुमार लगबगीने उठला. फाटकातून बाहेर पडून तो कुंपणाच्या कडेने पानठेल्याकडे निघाला. कांताच्या हाताच्या अंतरावरून गेला. त्याच वेळी प्लांटच्या बाजूला भट्टीतली तापलेली धातुमळी ओतली गेली, आभाळ लाल झाले आणि कुंपणापाशी सगळ्यांचे चेहरे उजळले. त्याने पाहिले नाही. साहेबांना चुना कमी लागतो की जास्त, हे तो तोंडातल्या तोंडात घोकत होता.

तेव्हाच गाणाऱ्याने माइक ओढला आणि मोडक्या हिंदीत बोलायला लागला.

"ये गाना मिस मलेनी के लिए. हमारे खड़गपुर में बच्चा लोग को पियानो सिखाता था. एक दिन विलायत चला गया. सबको छोड़के."

आणि त्याने तेच गाणे धरले. मलेनी, मलेनी.

कांताने मोडकी फांदी हातातून टाकली. पियानोच्या मास्तरणीचे नाव होते ते. कोणी कोणाला कुठे न्या म्हणत नव्हते. म्हणजे नवरा म्हणाला तेच खरे, तुले इंग्रजी कुठी समजते? एवढी वर्षे आपण एका परक्या बाईच्या नावाला आपले गाऱ्हाणे समजत आलो, या विचाराने तिचे कान तापले.

"काय कहत हे, दीदी?" शेजारच्या आयेने छत्तीसगढीत विचारले, तो काय म्हणतो म्हणून.

"एक झन चल दिस," कांता तिच्याच बोलीत म्हणाली. "ओला बुलावत हे." कोणी एक निघून गेली, तिला हाक मारतो आहे.

विजयकुमार पानाचा पुडा सांभाळत परतला तेव्हा शेवटचे ध्रुवपद चालले होते. खुर्चीपाशी पोचल्यावर तो एकदम थबकला आणि मंचाकडे पाहत राहिला. मग साहेबांच्या कानाशी लागून काही तरी बोलून हसला.

गाणे संपल्यावर गाणाऱ्याने सांगितले की उद्या संध्याकाळी दुर्गला, रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये आहोत, सबको आने का. कांता तेवढे ऐकून घरी निघाली.

विजयकुमार जेवणाच्या वेळेला आला. साहेबांना डास चावले, म्हणून सगळे अर्ध्यातूनच उठले होते. कांताने ताट वाढले. साडी बदलली नव्हती, पण ते त्याच्या लक्षात आले नाही. तो खुशीत होता.

"एक गंमत सांगू? त्यायनं एक गाणं मराठीत म्हटलं. मले ने, मले ने. साफ आपल्या इकडचं. मी साहेबाले म्हटलं, पोरगा नागपूरचा दिसते."

कांताने वरण वाढता वाढता पळी थांबवली.

"ते नाव आहे जी. मिस मलेनी. त्यायची मास्तरीण होती, विलायतेले गेली. गाण्याच्या आधी सांगतलं त्यानं. तुम्ही पान आणाले गेलते."

विजयकुमारने मान वर केली. त्याने तिच्या साडीकडे पाहिले, मग पदरावरच्या डागाकडे.

"त्या पोरानं म्हटलं नाही ते तुमाले ऐकू आलं," ती म्हणाली. "मी म्हणते ते नाही येत."

कांताने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला, उद्या दुर्गला त्यांचा प्रोग्राम आहे आणि मी बाबांसोबत जाणार आहे, असे सांगितले. विचारले नाही, सांगितले. जेवण उरकून त्याने हात धुतले. पुसायचे सोडून दारातच उभा राहिला.

"मंग मले बी ने," तो म्हणाला.

कांता चुलीतले निखारे चिमट्याने इस्त्रीत भरत होती. उद्यासाठी पिवळी साडी काढून ठेवली होती.

"तुमाले इंग्रजी कुठी समजते?" ती म्हणाली, आणि इस्त्रीचे झाकण लावले.