निखसीन म्हणजे घरदार नव्हे

पवित्र शास्त्राचं नवं भाषांतर तपासणाऱ्या समितीत ती सर्वांत नवी होती. ज्यांच्याकडे ती अरामी शिकली ते सरच अध्यक्ष, आणि वाद पेटला तो त्यांच्याच जुन्या शब्दावरून.

जुन्या करारातल्या राजाच्या एका फर्मानात कायदा मोडणाऱ्याला चार शिक्षा सांगितल्या आहेत: मरण, हद्दपारी, ‘निखसीन’ जप्त, नाहीतर कैद. सरांनी तीस वर्षांपूर्वीच्या भाषांतरात त्या अरामी शब्दासाठी ‘घरदार’ घातलं होतं, आणि ते लोकांच्या तोंडात बसलं होतं.

“मालमत्ता म्हणू या,” ती म्हणाली.

“तो कचेरीतला शब्द झाला. घरदार म्हटलं की काळजात चर्र होतं,” सर म्हणाले. “पुढच्या बैठकीला एखादा बाहेरचा माणूस आणा. पंडित नको. त्याला वाचून दाखवू.”

तिला माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. तिचे सासरे एकतीस वर्षं कोर्टात बेलीफ होते. लोकांच्या दारात जाऊन जप्त्या करण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं.

“मला त्यातलं काय कळतंय?” ते म्हणाले खरे, पण बैठकीच्या दिवशी स्वतःच्या हाताने शर्टाला इस्त्री करून तिच्या आधी दारात उभे होते.

बैठकीच्या खोलीत खिडकी नीट लागत नव्हती म्हणून फटीत कागदाची घडी कोंबलेली होती. लांब टेबलाच्या टोकाला सर, मधे दोन तपासनीस, कोपऱ्यात टायपिस्ट. तिने टिपणं उघडलीसुद्धा नाहीत.

“अरामी भागात हा शब्द दोनदाच येतो. आधीच्या जागी राजा म्हणतो, मंदिराच्या बांधकामाचा खर्च माझ्या निखसीनमधून द्या, नदीपलीकडच्या प्रांताच्या करातून द्या, काम अडता कामा नये. सर, राजाच्या घरदारातून बांधकामाचा खर्च कसा भागवणार?”

टायपिस्टला हसू फुटलं. सर हसले नाहीत. “शिक्षेच्या जागी अर्थाची छटा वेगळी असू शकते,” असं म्हणून त्यांनी ते वाक्य सासऱ्यांना दोनदा वाचून दाखवलं.

“घरदार जप्त?” सासरे म्हणाले. “साहेब, घरदारात बायकामुलंही आली. मी कपाटं उचलली, पंखे उचलले, घड्याळं उचलली. कुणाची आजी नाही उचलली.”

सगळे हसले. सासऱ्यांनी मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ती हद्दपारी आहे ना, तिचा मूळ शब्द काय गं?”

“मुळासकट उपटणं,” ती म्हणाली.

“मग या दोन शिक्षा वेगळ्याच. मला दोन्ही ठाऊक आहेत. एकदा एका शिंप्याकडे गेलो होतो. वरचा अधिकारी म्हणाला, शिवणाचं मशीन यादीत घे. पोटापाण्याचं हत्यार जप्त करता येत नाही, असा कायदाच होता. मी नाही लिहिलं. पंधरा दिवसांत माझी बदली झाली, दोन दिवसांच्या वाटेवर. चार वर्षं तिकडे काढली. परत आलो तेव्हा मुलगा सात वर्षांचा झाला होता. मला काका म्हणाला. माझ्या घरातला चमचासुद्धा कुणी हलवला नव्हता. सगळं जागच्या जागी होतं. उपटलं होतं ते मला. घरदार लिहिलंत तर दोन्हींची खिचडी होईल.”

तिने हे कधीच ऐकलं नव्हतं. घरात त्या चार वर्षांना ‘बाबांची बढती’ म्हणत.

“मशीनचं काय झालं?” सरांनी विचारलं.

“शिंप्याकडेच राहिलं. माझ्या जागी आलेल्यानेही लिहिलं नाही.”

सरांनी आपलं पेन काढलं आणि स्वतःच्या हाताने ‘घरदार’वर काट मारली. वर ‘मालमत्ता’ लिहिलं.

“पण त्यात जमीनसुद्धा येते हं,” सासरे म्हणाले.

“येऊ द्या, बाबा. मूळ शब्दही तेवढाच ऐसपैस आहे. माणसाकडे जे जे असतं ते सगळं त्यात येतं. फक्त माणसं येत नाहीत.”

सरांनी मान डोलावली. “हे तुम्हाला मी शिकवलं नव्हतं,” ते तिला म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं.

परतताना तिने विचारलं, “बाबा, घरी कधी बोलला नाहीत?”

“तुझ्या सासूने पोराला बढती सांगितली होती. त्याला बापाचा अभिमान वाटावा म्हणून. ती गेल्यावर कशाला उकरून काढू?”

“उकरा. तो चाळिशीचा झालाय.”

संध्याकाळी जेवताना त्यांनी मुलाला सगळं सांगितलं. अगदी सरळ, यादी वाचावी तसं. मुलाचा हात ताटातच राहिला.

“म्हणजे जास्त पगारासाठी तुम्ही आम्हाला सोडून गेला नव्हतात?”

“छे रे! पगार एका पैशाने वाढला नव्हता.”

मुलगा उठला, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि आपली खुर्ची ओढून वडिलांच्या शेजारी बसला.

“त्या गावातलं सांगा,” तो म्हणाला. “राहत कुठे होतात? स्वयंपाक कोण करायचं?”