झोताचा आकडा

"आवं, चारी बाजूचं पडदं पाडा म्हणते न्हवं मी! आभाळ बघा की जरा!" विजयमाला बेदाण्याच्या शेडखालनं वरडली.

तिचा नवरा लालासाहेब मोबाईलातल्या हवामानातनं डोकं वर काढायला तयार नव्हता. फौजेतनं सुभेदार होऊन आलेला गडी. लिहून आलेलं तेवढंच खरं, ही त्याची जुनी खोड. आधी कागद होता, आता मोबाईल, एवढाच काय तो फरक.

"वारा बारा किलोमीटर, पश्चिमेचा," तो म्हणाला. "पश्चिमेचा पडदा बांधलाय मी, उत्तर-दक्षिणंचंबी. पूर्व तेवढी उघडी ऱ्हाऊ दे. हवा लागली न्हाई तर माल काळा पडंल, मग बसशील कपाळ बडवत."

त्यात खोटं काही नव्हतं. तासगावात मान हिरव्या बेदाण्याला, काळ्याला कुत्रं इचारत नाही. सगळ्या बागेची द्राक्षं जाळ्यांच्या थरांवर पसरलेली, अर्धीकच्ची सुकलेली. वरसाची मेहनत त्या पत्र्याखाली होती. कोंडली तरी गेली, भिजली तरी गेली.

तिनं मोबाईल ओढूनच घेतला. "ह्यो खालचा आकडा कसला? पंचावन्न?"

"त्यो झोताचा गं. मधीच एक धक्का. आला न् गेला. आपन सरासरी बघायची."

"पत्रा काय सरासरीनं उडतोय व्हय? त्यो एकाच धक्क्यानं जातोय! आन् ह्यो बाण बघा, दुपारनंतर उलटा फिरलाय. वारं जतकडनं येनार, पूर्वंचं. उघडी बाजू तीच की!"

"बाण काय, फिरतोय कवाबी. तू भाकरीचं बघ जा."

पालथ्या घड्यावर पाणी! ती धुसफुसत चुलीकडं गेली.

दुपार कलली आन् वारं एकाएकी पडलं. झाडाचं पान हलेना. शेजारचा बागाईतदार दस्तगीर बांधावरनं पळतच आला. "सुभेदार, जतकडं बघा, सगळं लाल झालंय!"

तोवर धुळीचा लोट आलाच, आन् त्याच्या पाठोपाठ झोत. उघड्या पूर्वेनं वारं आत घुसलं ते थेट बांधलेल्या पश्चिमेच्या पडद्यावर आदळलं. भाईर पडायला वाट कुठं होती? पडदा गाभण म्हशीच्या पोटागत फुगला. पत्रं खडाखडा वाजाय लागलं. कडेचा खांब जमिनीतनं उचकटाय लागला.

"पूर्वंचा पाडा! पूर्वंचा!" लालासाहेब दोरीला लोंबकळत वरडत होता. एवढा दांडगा गडी, पण वाऱ्यानं त्याला हिसडा देऊन मातीत लोळवला.

"आता त्यो पाडून काय करताय? आत शिरलेलं भाईर सोडा!" विजयमालेनं विळा उचलला आन् पश्चिमेचा पडदा वरनं खालपतुर टराटरा फाडत नेला. वारं सुसाट आरपार गेलं. पत्रं थरथरलं आन् जागच्या जागी बसलं.

मग पाऊस आला, आडवातिडवा. पूर्वेच्या जाळ्यांवर तिघांनी हाताला येईल ती ताडपत्री टाकली. तरी निम्मा माल भिजला. त्या चिकट झालेल्या घोसांवरनं हात फिरवताना विजयमालेला रडू आवरेना. पोटच्या पोरासारखी जपलेली बाग ती.

सकाळी गाव गोळा झालं. आसपासची दोन शेडं मोडून ओढ्यात पडली होती. जो तो लालासाहेबाला एकच विचारत होता, तुमचं कसं वाचलं?

"अक्कल लागते गड्या," लालासाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाला. "नुसता वेग बघून भागत न्हाई. झोत बघायचा, आन् बाण कुटनं कुटं फिरतोय त्ये बघायचं. वारं आत शिरलं की लगीच समोरचा पडदा कापायचा. आमी कापला."

दस्तगीरला एकदम खोकला आला.

विजयमाला भिजलेला माल निवडत बसली होती. उठली, आतनं दाभण आन् सुतळी आणली आन् फाटक्या पडद्याचं भेंडोळं सगळ्यांदेखत नवऱ्याच्या पुढ्यात टाकलं.

"तुमीच कापलासा न्हवं? मग बसा आता शिवत."