मावशीशिवाय गवळण

शैलाने आन्सरिंग मशीनचं बटण पुन्हा दाबलं. स्वयंपाकघरात तोच स्वच्छ, नम्र आवाज आला.

"नमस्कार काका. यंदा गवळणीत देवाची टिंगल नको. तुमची इशिता शाळेतून एकटीच चालत येते ना? काळजी घ्या."

"बंद कर ते," पुरुषोत्तम म्हणाला.

सनीव्हेलच्या मराठी मंडळात गणपतीच्या कार्यक्रमाला तो दरवर्षी मावशी व्हायचा. एरवी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात मशिनं तपासणारा, नाव पुकारलं तरच मीटिंगमध्ये बोलणारा माणूस. पण साताऱ्याकडच्या जत्रांत पाहिलेली मावशी अंगात आली, की नऊवारी नेसून, नथ घालून तो गवळणींच्या पुढे उभा राहायचा आणि त्यांची वाट अडवणाऱ्या कृष्णाला दटावायचा. देव म्हणवतोस, मग लोणी चोरतोस कशाला, कार्डावर घे की. हॉल खदखदून हसायचा. गावच्या तमाशात तर देवळाचा पुजारीही पुढे बसून हसायचा. देवाला बोल लावायचा हक्क मावशीचा, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

यंदा आधी निनावी ईमेल आल्या. मग हा फोन.

तो टेप घेऊन पोलिसांकडे गेला. शब्दाला शब्द ठेवून त्याने सगळं इंग्रजीत सांगितलं. ऑफिसर सभ्य होता. म्हणाला, यात धमकी कुठे आहे? कुणीतरी तुमच्या मुलीची काळजी करतंय. ते 'ना' मराठी कानाला कसं लागतं, हे पुरुषोत्तमला सांगता येईना.

मंडळाचा सेक्रेटरी गिरीश घरी येऊन सोफ्याच्या कडेवर बसला. कमिटीचं ठरलं होतं, गवळण होईल, मावशी नाही.

"अरे, या देशात बोलायला बंदी नाही ना?"

"बंदी नाहीच काका. पण हॉल शाळेचा आहे. उद्या लफडं झालं तर पुढच्या वर्षी मिळणार नाही."

इशिता जिन्यात उभी राहून ऐकत होती. "बाबा, डू इट. आय कॅन गेट अ राइड."

"तू वर जा," शैला म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता बोलली, "तुमची मावशी गेली खड्ड्यात. मला पोरगी हवीय."

पुरुषोत्तमने होकाराची मान हलवली.

तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. काम अर्धवट टाकून तो इशिताच्या शाळेबाहेर गाडीत बसून राही. इंडियन स्टोअरमध्ये कुणी 'काका' म्हटलं, की हातातली कोथिंबीर खाली ठेवून आवाज पारखी. त्याला सगळेच काका म्हणत. गिरीशसुद्धा.

कार्यक्रमाच्या दिवशी तो हॉलच्या, म्हणजे शाळेच्या कॅफेटेरियाच्या, दाराशी उभा राहून गवळण पाहत होता. कृष्णाने वाट अडवली. ढोलकीवरच्या मोरेश्वरांनी सवयीने थाप थांबवली, मावशीच्या वाक्यापुरती जागा सोडली. पुरुषोत्तमचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. गवळणी जरा ताटकळल्या, मग कृष्णाला लोणी देऊन निघून गेल्या. टाळ्या पडल्या, हसलं मात्र कुणी नाही.

जेवणाच्या रांगेत वाढायला त्याच्याकडे मसालेभात होता, शेजारी शैलाकडे पुऱ्या.

"नमस्कार काका. भात थोडाच."

डाव हातातच थबकला. तोच आवाज. की आता प्रत्येक स्वच्छ आवाज त्याला तसाच वाटत होता? समोर इस्त्रीच्या कुडत्यातला तरुण होता, त्याच्या बोटाला छोटी मुलगी.

पुरुषोत्तमने खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर पदरासारखा घेतला. एक हात कमरेवर गेला. आवाज त्याचा राहिला नाही.

"काका कुणाला म्हणतोस रे मेल्या? मावशी म्हण. आणि देवाघरचं जेवण, थोडंच काय मागतोस? मग मागल्या दाराने चोरायला येशील, त्या तुझ्या देवासारखा."

रांग खळखळून हसली. कुणीतरी शिट्टी मारली. ती छोटी मुलगी सगळ्यात मोठ्याने हसत होती. तिचा बाप ताटाकडे पाहत उभा होता.

शैलाने पुऱ्यांचा चिमटा खाली ठेवला आणि गर्दीत इशिता कुठे दिसते ते पाहू लागली.

पुरुषोत्तमने त्या तरुणाच्या ताटात भात वाढला, वर खोबरं घातलं. डोक्यावरचा पदर न काढता त्याने पुढच्या ताटासाठी डाव भरला. डावातली शितं सांडत होती.