आईला दिलेला आराम

आई सकाळीच येऊन थडकली. जेवण दुसऱ्या दिवशी होतं आणि तिला बोलावलंही दुसऱ्याच दिवशी होतं. खांद्यावरच्या पिशवीत घडी केलेला एप्रन आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली स्वतःची सुरी.

"सुरी कशाला आणलीस?" लेकीने दारातच विचारलं.

"तुझ्या सुऱ्या टोमॅटोपुढेसुद्धा हात टेकतात. सरक. कांदे कुठे आहेत?"

"चिरून झाले."

"मग गाजरं घेते."

"आई, आपलं काय ठरलं होतं? तू काही करायचं नाहीस. नुसतं बसायचं."

"ते जेवणाच्या दिवशी. आज कुठे जेवण आहे?" आईने डोळे मिचकावले. लेक हसली नाही, तेव्हा तिने निमूटपणे बूट काढले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

हिवाळ्याच्या सुट्टीतलं हे मोठं जेवण आजवर आईच्याच घरी व्हायचं. सुट्टीच्या कितीतरी आधी तिच्या डोक्यात ते शिजायला लागायचं. बसची वाट बघताना, शेजारणीशी बोलताना मध्येच तिचे ओठ हलायचे आणि घरचे ओळखायचे: कोंबडी ओव्हनमधून निघणार कधी आणि केक आत जाणार कधी, याची जुळवाजुळव चाललीय. उभा जन्म शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करण्यात गेलेला. तिथे सगळे तिला मुकादम म्हणायचे आणि ते तिला मनापासून आवडायचं.

यंदा लेकीने हे जेवण स्वतःकडे ओढून घेतलं. आईला जरा आराम, असं तिने सगळ्यांना सांगितलं. मावशी तर फोनवरच गहिवरली. खरं कारण मात्र तिने नवऱ्याच्याही कानावर घातलं नव्हतं.

खरं कारण गेल्या वर्षीच्या सफरचंदाच्या केकमध्ये होतं. आईला अलीकडे कमी दिसायचं आणि चष्मा वाफेने धुरकटतो म्हणून ओट्याशी ती तो लावायची नाही. जेवणाला लेकीच्या सासूबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. केक खाता खाता त्या थांबल्या आणि त्यांनी जिभेवरून एक लहानसं गोल स्टिकर काढलं. दुकानातल्या फळांवर चिकटवलेलं असतं तसलं. आईने वाकून, डोळे बारीक करून ते पाहिलं आणि म्हणाली, "बघा विहीणबाई, माल अस्सल आहे. शिक्क्यासकट!" आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसली.

सगळे हसले. लेकीला मात्र तोंड कुठे लपवावं ते कळेना. त्या दिवसापासून तिला सगळंच दिसायला लागलं: आईच्या वाटीच्या काठाला राहिलेलं पीठ, सुपात बुडालेली बाही, नखांत अडकलेली सालं. ती ग्रंथालयात काम करायची. तिथे एखाद्या म्हाताऱ्या वाचकाचा हात पान उलटताना थरथरला की तिचं काळीज हलायचं. आईच्या हातांकडे बघताना ते काळीज कुठे जायचं कोण जाणे.

तर जेवणाच्या आदल्या दिवशी आईला हीटरजवळची खुर्ची मिळाली, पायांवर शाल मिळाली, टीव्हीचा रिमोट मिळाला. तरी थोड्या थोड्या वेळाने ती स्वयंपाकघराच्या दाराशी हजर.

"बटाटे सोलू?"

"झाले."

"कोंबडीला मीठ आजच चोळून ठेव हं. उद्यावर नको टाकूस."

"चोळलंय."

"आतूनपण?"

"आई!"

"बरं बाई. भांडी तरी घासते."

"मशीन आहे."

"मग मी करू काय?"

"पाहुण्यासारखी बस ना गं."

"पाहुण्यासारखी," आई म्हणाली. शब्द जणू चावून बघितला तिने. मग गेली.

शेवटी लेकीने तिच्या मांडीवर कागदी नॅपकिनांचा गठ्ठा नेऊन ठेवला. "घे, घड्या घाल." आईचा चेहरा उजळला. कँटीनमध्ये घालायची तशा त्रिकोणी, टोकं दाबून पक्क्या केलेल्या घड्या तिने घातल्या, त्यांची चळत लावली आणि खुर्चीतच तिचा डोळा लागला.

लेकीने फोनवर पंख्यासारखी घडी बघून ठेवली होती. तिने ती चळत हळूच उचलली, टेबलाशी बसून एकेक त्रिकोण उलगडला आणि त्याचा पंखा केला. शेवटचा पंखा करून मान वर केली तर आईचे डोळे उघडे होते. किती वेळापासून, ते कळायला मार्ग नव्हता.

"डुलकी लागली वाटतं मला," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

संध्याकाळी दादा तिला न्यायला आला. तो आणि वहिनी आईच्याच घरी राहायचे. बूट चढवताना खाली मान घालूनच तिने विचारलं, "माझ्या हातचं काहीच नको का गं उद्या?"

"अगं, केकसुद्धा बेकरीत सांगून ठेवलाय. तू फक्त ये."

"येते," आई म्हणाली.

सकाळी दादाचा फोन आला. आई चहाला उठली नाही म्हणून वहिनी बघायला गेली होती. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल.

स्मशानातून परतताना थंडीने सगळ्यांनी कान झाकून घेतले होते. सगळे लेकीच्या घरी आले, कारण अन्न तिथेच तयार होतं. "वाया घालवू नका," दादा म्हणाला, "नाहीतर आईने घर डोक्यावर घेतलं असतं." लेकीने ओव्हन लावला. सूप गरम केलं. हात आपोआप चालत होते आणि घरभर चांगल्या जेवणाचा वास पसरला, याची तिला भयंकर शरम वाटली.

टेबलावर पंखे तसेच मांडलेले होते. मावशीने एक उचलून नाक पुसलं. ती आईची धाकटी बहीण, तोंडाने फटकळ आणि रडायलाही तितकीच मोकळी.

"ठमे," ती म्हणाली, "आम्हा बहिणींना जन्मात कुणी बस म्हटलं नाही गं. तू तिचा शेवटचा दिवस राणीसारखा केलास. माझी सून मला रिमोटला हात लावू देत नाही."

"गाडीत तेच सांगत होती," दादा म्हणाला. "ठमीने काडी हलवू दिली नाही म्हणाली."

"कशी म्हणाली?"

"कशी म्हणजे? म्हणाली आपली. हात मांडीवर घेऊन बसली होती."

लेकीने हातातला घास परत ताटात ठेवला. तरी मावशीने पाठीवर हात ठेवला तेव्हा तिने तो झटकला नाही. उलट त्या हाताची ऊब तिला हवीशी वाटली. "हो," ती म्हणाली, "दमली होती ती." स्वतःचा आवाज तिला ऐकू आला, आणि तो अगदी खरा वाटत होता.

नवऱ्याने बेकरीतला केक आणून ठेवला. वर पांढरी नक्षी, कुठे बोट लागलेलं नाही. सासूबाईंनी केककडे पाहिलं, मग सुनेकडे.

"विहीणबाईंनी त्यांचा केक नव्हता का केला?"

"नाही. मीच नको म्हटलं."

"मला वाटलं होतं, तो तरी असेल." सासूबाई मितभाषी होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला. "अगं, तुझे सासरे गेल्यापासून माझ्यासमोर कुणी मोठ्याने हसायचंच नाही. सगळे आपले दबकून. ह्या बाईने स्वतःची फजिती करून घेतली आणि मला हसवलं. ते स्टिकर मी घरी नेलंय. माझ्या फ्रीजच्या दारावर आहे. येईल त्याला दाखवते, आमच्या विहीणबाईंचा शिक्का म्हणून."

दादा हसला आणि हसता हसताच त्याने चेहरा ओंजळीत धरला. वहिनी त्याच्यासाठी पाणी आणायला उठली.

"तरी तिला बरंच झालं ना," मावशी डोळे पुसत म्हणाली. "शेवटी शेवटी दगदग नाही झाली. ठमीने आराम दिला म्हणून..."

"मावशी, नको."

"अगं, खरं ते खरं. लेक असावी तर..."

"मी तिला आराम दिला नाही."

मावशीचा पदर डोळ्यांशीच थांबला.

"मी तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं," लेक म्हणाली. ती मोठ्याने बोलत नव्हती, पण वहिनी ग्लास हातात धरून दारातच उभी राहिली. "तिला दिसत नाही, तिच्या हातून स्वच्छ होत नाही, परत चारचौघांत जेवणातून काही निघालं तर काय, म्हणून. तिने कांदे मागितले, बटाटे मागितले, खरकटी भांडीसुद्धा मागितली. मी म्हटलं, पाहुण्यासारखी बस. तिने घातलेल्या घड्या मी तिच्यासमोर मोडल्या."

"ठमे, असं नको बोलूस गं. तुला काय माहीत होतं, की ती उद्या..."

"हे माहीत नव्हतं. पण ती दुखावतेय हे माहीत होतं. जाताना विचारलं तिने, माझ्या हातचं काहीच नको का. ती केकबद्दल विचारत नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी बेकरीचं सांगितलं."

सासूबाईंनी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. हीटरजवळची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कुणीच बसलं नव्हतं. लेक तिकडे वळली आणि ह्या सगळ्यांच्या देखत, जिला सांगायचं होतं तिलाच म्हणाली,

"आई, मला तुझी लाज वाटली होती."