डोक्यावरची लावण

माणसाचं मोठेपण डोक्यात असतं, डोक्यावर नसतं, हे जगातल्या सगळ्या विचारवंतांनी एकमतानं मान्य केलेलं आहे. त्या विचारवंतांचे फोटो पाहिले, तर त्यांतल्या निम्म्यांना दुसरं काही मान्य करायची सोयच नव्हती, हे ध्यानात येतं.

कळंबच्या महिपतीला विचारवंत व्हायचं नव्हतं. त्याला लग्न करायचं होतं.

वय अठ्ठावीस. कालव्याच्या पाण्याखाली चार एकर रान, त्यात कांदा, वांगी, मिरची. घरात तो आणि आई धोंडाबाई. बाप वारून दहा वर्षं झालेली. दोन बहिणींची लग्नं उरकेपर्यंत त्याचं स्वतःचं राहून गेलं, आणि तेवढ्या अवधीत त्याच्या केसांना काही दम निघाला नाही. कपाळ दरसाल थोडं थोडं वर सरकत टाळू ओलांडून पलीकडं गेलं. कानांच्या वर आणि मानेवर तेवढी झालर राहिली. ती मात्र चांगली दाट, नको तिथं माजलेल्या हरळीसारखी. बारामतीच्या बाजारात त्यानं पटका काढून घाम पुसला, की "आबा, कांदा कसा लावला?" असं विचारणारी बाई त्याच्याहून पंधरा वर्षांनी थोरली असायची.

आबा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं त्याला काही वाटत नव्हतं. पण लोणी देवकरची एक सोयरीक त्यातच गेली होती. पाहुणे न कळवता आले. महिपती विहिरीवर उघड्या डोक्यानं आंघोळ करत होता. मुलीच्या आजीनं त्याला लांबनंच रामराम घातला आणि विचारलं, "आबा, नवरामुलगा कुठं हाय तुमचा?" महिपतीनं "रानात गेलाय" म्हणून सांगितलं. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच.

म्हणून छप्पन्न सालच्या हिवाळ्यात कळसच्या दत्तोबांची मुलगी द्वारका बघायला गेला, तेव्हा त्यानं पटका डोक्यावर असा आवळला की भुवया अर्धं बोट वर गेल्या. जेवताना घाम डोळ्यांत उतरला, पटका उतरला नाही. सोयरीक जुळली. लग्न वैशाखातल्या बुधवारी, कळसला धरलं.

आता प्रश्न एकच होता, आणि तो हळदीचा होता. आपल्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी हळद घेऊन नवरीच्या घरच्या बायका नवऱ्याच्या जानवशाला येतात. त्याला उघड्या डोक्यानं पाटावर बसवतात आणि टाळूपासून तळव्यापर्यंत माखतात. म्हणजे टाळूपासूनच सुरुवात. भर मांडवात, वाजंत्र्यांच्या साक्षीनं सोयरीक मोडलेला नवरा पुन्हा कुणाच्या दारात उभा राहत नाही, हे महिपतीला पक्कं ठाऊक होतं.

बारामतीला भाजीबाजाराच्या मागं जयवंता कंपाउंडरचा दवाखाना होता. एक खुर्ची, एक बाकडं आणि भिंतीवर लष्करातली टोपी. जयवंता लढाईच्या काळात मिलिटरीच्या इस्पितळात होता. भाजलेल्या शिपायांच्या मांडीचं कातडं काढून गालाला लावायचे, तेव्हा तो ट्रे धरून उभा असे. ट्रे धरून जेवढं शिकता येतं तेवढं तो शिकला होता.

"एक हवालदार होता," जयवंता म्हणाला. "त्याच्या गालाला मांडीचं कातडं लावलं. सहा महिन्यांनी बघतो तर गालावर मांडीचे केस. कातडं कुठंबी न्या, आपला धर्म सोडत नाही. तुझ्या मानंवरचा केस गळत नाही ना? तो टाळूवर लावला तरी गळणार नाही. गळायचं त्याला माहीतच नाही."

महिपतीला हे पटायला क्षणही लागला नाही. आयुष्यभर तो हेच करत आला होता.

"म्हंजी रोपं वाफ्यातनं काढायची नि रानात लावायची."

"तसंच समज. पण—"

"किती बोटांच्या अंतरावर लावनार?"

"आधी ऐक. पन्नास तुकडे काढीन, ज्वारीच्या दाण्याएवढे. पन्नासात जंगल होत नाही. टक्कल होतं त्या जागी विरळ केस होतील, एवढंच. आणि लावलेले केस वीस-बावीस दिवसांत गळून पडतील. घाबरायचं नाही. मूळ आत राहतं. चार महिन्यांनी नवा केस येतो. तोवर पाणी नाही, तेल नाही, खाजवणं नाही, आणि मुख्य म्हणजे इथं येऊन 'आलं का, आलं का' विचारणं नाही."

महिपतीनं सगळं नीट ऐकून घेतलं. त्यातलं त्याला आधीपासून ठाऊक होतं तेवढं मानलं. चार महिन्यांचं त्यानं मानलं नाही, कारण लग्न अडीच महिन्यांवर होतं. कांदा लावणीपासून शंभर दिवसांत काढणीला येतो, आणि केस कांद्यापेक्षा पुष्कळ हलका.

माघ संपता संपता लावण झाली. सुईनं कातडं बधिर करून जयवंतानं एका पोकळ, धारदार नळीनं मानेवरचे दाणे काढले. टाळूवर तो ते इकडंतिकडं विखरून लावणार होता. महिपतीनं बाकड्यावरूनच हरकत घेतली.

"वळीत लावा."

"ओळीत कशाला? वाईट दिसंल."

"वळीत लावलं की खुरपायला बरं पडतं."

पाच ओळी, दर ओळीला दहा. वर पट्टी, पट्टीवर पटका. महिपती एस.टी.त खिडकीशी मान ताठ धरून बसला आणि प्रत्येक खड्ड्याला एक हात डोक्यावर ठेवत गावी आला.

दुसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरली. आईला त्यानं बैलानं ढुसणी दिल्याचं सांगितलं. धोंडाबाईनं तीन दिवस त्या बैलाची पेंड तोडली. सूज गेली, खपल्या धरल्या, आणि महिपती विहिरीच्या पाण्यात वाकून आपलं पीक न्याहाळू लागला. पन्नास ठिपके, पाच ओळी, एकही वाकडी नाही. असा वाफा त्यानं स्वतःच्या रानातसुद्धा कधी काढला नव्हता.

बाविसाव्या दिवशी पटक्याच्या आतल्या बाजूला केस चिकटलेले निघाले. चोविसाव्या दिवशी सगळे.

गळणार हे जयवंतानं सांगितलं होतं. पण ते सांगणारा कंपाउंडर होता, बागाईतदार नव्हता. लावलेलं रोप बाविसाव्या दिवशी मान टाकतं ते का, हे कळंबातलं शेंबडं पोरही सांगेल. आंबवणी नाही. लावण झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकं पाणी द्यायचं असतं, त्यालाच आंबवणी म्हणतात. ती दिली नाही तर कशाची रोपं धरतायत? पाणी लावू नको म्हणणाऱ्या माणसावर आपण भरवसा ठेवला, याचा महिपतीला मनापासून पस्तावा झाला. त्या दिवसापासून तो पहाटे आणि सांजचा रानातल्या पाटावर जाऊन टाळूला पाणी देऊ लागला. आठ दिवस देऊनही फूट दिसेना, तेव्हा त्यानं खत द्यायचं ठरवलं. करंजाच्या बियांची पेंड रात्रभर भिजवायची आणि बोटानं ओळीओळीनं भरायची. पटका बांधून तो चावडीवरून गेला, की माणसं आधी नाक धरत आणि मग रामराम घालत.

"म्हिपा, तुझ्या पटक्यात काय मेलंय का रं?" असं एकदोघांनी विचारलंही.

चैत्राअखेरीला डोकं ठणकायला लागलं. ठिपक्यांतून पू आला. लग्नाला पाच दिवस उरलेले असताना महिपती बारामतीला येऊन बाकड्यावर बसला. जयवंतानं पटका काढला आणि खिडकी उघडली.

"काय लावलंस ह्याला?"

"पेंड."

"कसली पेंड?"

"करंजाची. मुळाला हुमणीची अळी लागत न्हाय."

जयवंता खुर्चीत बसला. त्यानं भिंतीवरच्या आपल्या टोपीकडं पाहिलं. मग उठून पाणी गरम केलं, पेनिसिलीनची सुई दिली, डोकं धुतलं, आणि औषध नीट बसावं म्हणून वस्तरा घेऊन कानामागची, मानेवरची सगळी झालर साफ उतरवली. महिपतीचं डोकं एका तासात तांब्यासारखं झालं, ठिपक्यांच्या पाच ओळींसकट.

"काय जगलं का त्यातलं?" महिपतीनं विचारलं.

"आत्ताच कळायचं नाही. चार महिने."

"लगीन बुधवारी हाय."

"मग बुधवारी लग्न कर. केसांसाठी थांबू नको."

मंगळवारी दुपारी वऱ्हाड कळसला शाळेत उतरलं. शाळेपुढंच हळदीसाठी मांडव घातला होता. महिपती चार दिवस पटक्यातच झोपत होता. नवऱ्याला जरा लाज वाटते, असं धोंडाबाई पाहुण्यांना सांगत होती. वाजंत्री वाजत आली. पुढं नवरीची आत्या चंद्राबाई, तिच्या हातात हळदीची वाटी, मागं सात-आठ बायका. पाट मांडला. महिपती बसला.

"पटका काढा की जावईबापू," चंद्राबाई म्हणाली. "का हळद पटक्याला लावू?"

बायका हसल्या. महिपतीचे हात वर गेले आणि गाठीपाशीच थांबले. चंद्राबाईला लाजाळू नवऱ्यांची सवय होती. तिनं एका हातानं वाटी सांभाळली आणि दुसऱ्या हातानं पटका उचलला.

सनईवाल्याचं तोंड नळीलाच राहिलं, पण सूर थांबला. पहिला आवाज धोंडाबाईचा आला.

"आरं मुडद्या! मी जित्ती असताना डोकं भादरलंस?"

चंद्राबाईनं वाटी मागं घेतली. मांडवात हिंदूचं पोर बसलेलं, डोकं सफाचट, वस्तरा फिरून जेमतेम चार दिवस झालेले. याचा अर्थ लावायला कुणाला पोथी उघडावी लागत नाही.

"कोन गेलं?" तिनं विचारलं.

"कोन न्हाय," महिपती म्हणाला.

"कोन न्हाय तर डोकं कशानं भादरलं? बाप तर कवाच गेलाय. आई हितं हुभी हाय. सुतक लपवून आमच्या पोरीला हळद लावताय व्हय?"

"चुलता असंल," मागनं एक म्हणाली.

"चुलत्याला कोन एवढं करतंय? आधीची बायकू व्हती का काय?"

"अगं बया!"

"उवा झाल्या व्हत्या त्येला," धोंडाबाई घाईनं म्हणाली. "लय उवा."

चंद्राबाई खाली वाकली आणि टाळू बघितली. "उवा झाल्या म्हणून डोसक्यावर भोकं पडत्यात? आनि ती बी वळीनं?"

वाजंत्री बंद पडली म्हणून नवरीचा बाप दत्तोबा घरातनं शाळेकडं आला. मागं चार बापये आणि सोयरीक जमवणारे हिंदुराव. येईपर्यंत कुजबूज बऱ्यापैकी पुढं गेली होती. सुतकाबरोबर एक मेलेली बायको आणि एक घाण रोग अशी भर पडली होती. दत्तोबा पाटासमोर उभा राहिला.

"सुतक असंल तर आत्ताच सांगा. मांडव मोडतो, दुसरं काय. पर लपवाछपवी नगं."

महिपतीनं इकडंतिकडं बघितलं. गप्प बसला तर सुतक. सुतक म्हणजे लग्न गेलं. खरं सांगितलं तर टक्कल, आणि टक्कल म्हणजे लोणी देवकर. दोन्हींत त्यातल्या त्यात खरं बोलणं सोपं पडेल असा त्यानं हिशेब केला.

"मामा, सुतक न्हाय. केसांची लावण केली व्हती."

"कशाची?"

"केसांची. मागचं काढलं नि म्होरं लावलं. बारामतीला. पन्नास."

दत्तोबानं गुडघ्यावर हात टेकून टाळू नीट पाहिली. तोही बागाईतदार होता.

"किती दिस झालं?"

"माघाच्या शेवटाला लावलं."

"पानी?"

"आदी दिलं न्हाय. मागनं दिलं."

"खत?"

"करंजाची पेंड."

"पेंड कवळ्या रोपाला घालत्यात व्हय?" दत्तोबा म्हणाला. "जाळलंस की सगळं." तो सरळ उभा राहिला. "म्हंजी मेलं कोन न्हाय?"

"न्हाय."

"चंद्रे, लाव हळद."

चंद्राबाईनं वाटी पुढं केली आणि ठिपके चुकवत, जरा बाजूनं, हळद लावायला सुरुवात केली. सनई पुन्हा लागली. महिपतीला ते काही नीट कळेना. हळद डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटून त्यानं विचारलं,

"मामा, पर... टकलाचं तुमाला काय वाटत न्हाय?"

"टक्कल तर ठावं व्हतं. कडंचं कुठं गेलं, ते कळंना."

"ठावं व्हतं?"

दत्तोबानं हिंदुरावांकडं बघितलं. हिंदुरावांनी तंबाखू मळता मळता मान हलवली.

कळंबमध्ये त्या साली महिपती नावाची लग्नाची तीन मुलं होती, आणि स्थळ सांगताना हिंदुरावांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "त्यातला टकला, त्यो."